मेंढ्यांच्या वाढीची आनुवंशिकता मोजताना: नोंदवहीपासून एडक्याच्या निवडीपर्यंतचा क्रम

मेंढ्यांच्या वजनांचे सांख्यिकी विश्लेषण करणाऱ्यांच्या हातून एक चूक पुन्हा पुन्हा होते. तीन महिन्यांच्या वजनाचा आनुवंशिकता गुणांक ०.४ किंवा ०.५ असा निघतो, त्या भरवशावर सर्वांत वजनदार नर कोकरे एडके (पैदाशीचे नर) म्हणून ठेवली जातात आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत कळपाचे सरासरी वजन जवळजवळ तेथेच राहते. दोष संगणकाचा नसतो. आईच्या दुधामुळे आलेला फरक जनुकांच्या खात्यावर जमा झालेला असतो आणि तो वेगळा काढण्यासाठी लागणारी माहिती नोंदवहीत असूनही मॉडेलमध्ये घेतलेली नसते. बहुतेक चुका सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वीच घडलेल्या असतात, म्हणून या लेखात पूर्वतयारीला अधिक जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील, म्हणजे माण, खटाव, सांगोला, जत या बाजूच्या दख्खनी मेंढ्यांचा कळप डोळ्यांपुढे ठेवला आहे. माडग्याळ किंवा इतर जातींना हाच क्रम लागू पडतो. लेखातील विचरणांचे (आकड्यांमधील फरकाच्या सांख्यिकी मापांचे) आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ते कोणत्याही प्रक्षेत्राचे निष्कर्ष नाहीत.

टप्पा १ : कोणता गुणधर्म मोजायचा ते आधी लिहून काढा

आनुवंशिकता गुणांक म्हणजे एका कळपातील, सारख्या परिस्थितीत वाढलेल्या कोकरांच्या वजनांत जो फरक दिसतो, त्यापैकी पुढच्या पिढीत उतरू शकणाऱ्या जनुकीय फरकाचा वाटा. तो जातीला कायमचा चिकटलेला आकडा नसून त्या कळपाचा, त्या वयाचा आणि त्या व्यवस्थापनाचा आकडा असतो. त्यामुळे “वाढीची आनुवंशिकता” असा मोघम उद्देश लिहून चालत नाही. जन्मवजन, ९० दिवसांचे (दूध तोडतानाचे) वजन, सहा महिन्यांचे वजन आणि वर्षाचे वजन हे चार वेगळे गुणधर्म आहेत. पहिल्या दोन वजनांवर आईचा प्रभाव मोठा असतो, पुढे तो ओसरत जातो.

कोकरे मांसासाठी साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात विकली जात असतील, तर सहा महिन्यांचे वजन हा मुख्य गुणधर्म धरावा आणि ९० दिवसांचे वजन त्याच्या जोडीला घ्यावे, असे माझे मत आहे. फक्त ९० दिवसांच्या वजनावर निवड केली तर आपण नकळत दुधाळ आयांची कोकरे निवडत राहतो.

टप्पा २ : नोंदवही तपासा आणि दुरुस्त करा

विश्लेषणाचा निम्म्याहून अधिक वेळ या टप्प्यात गेला पाहिजे. प्रत्येक कोकरासाठी पुढील माहिती एका ओळीत असावी: स्वतःचा बिल्ला क्रमांक, बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक, जन्मतारीख, लिंग, एकटे जन्मले की जुळे, एकटे वाढले की जुळे, आईचे वेत (ती कितव्यांदा व्याली), कळप किंवा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ), आणि प्रत्येक वजनासोबत वजन घेतल्याची तारीख. ही तारीख हमखास सुटते. नोंदवहीत “३ महिने” असा रकाना असतो आणि त्याखाली वजन लिहिलेले असते, परंतु सर्व कोकरांची वजने एकाच दिवशी घेतलेली असल्यामुळे त्या दिवशी कोणाचे वय ७५ दिवस असते, तर कोणाचे ११०. पंधरा-वीस दिवसांच्या वयातला फरक हा दीड-दोन किलोंचा फरक असतो आणि तो जनुकीय नसतो.

जन्मवजन कोकरू जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, अंग कोरडे झाल्यावर घ्यावे. पुढची वजने सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी आणि पाणी पाजण्यापूर्वी घ्यावीत, कारण भरल्या पोटाचे वजन हे त्या दिवसाच्या चाऱ्याचे वजन असते. लोकर कातरणी वजनाच्या आधी झाली की नंतर, हेही लिहावे.

जुळ्यांच्या नोंदीत एक बारीक चूक होते. जुळ्यांपैकी एक कोकरू दगावले तर उरलेले कोकरू आईचे सगळे दूध एकटेच पिते. त्याला नुसते “जुळे” म्हणून नोंदवले तर जुळ्यांची सरासरी खोटी वाढते. म्हणून जन्म आणि संगोपन मिळून तीन गट करावेत: एकटे जन्मून एकटे वाढलेले, जुळे जन्मून एकटे वाढलेले, आणि जुळे जन्मून जुळेच वाढलेले. आई मेल्यामुळे किंवा आटल्यामुळे शेळीच्या दुधावर किंवा बाटलीवर वाढवलेल्या कोकरांचे जन्मवजन ठेवावे, परंतु त्यांची ९० दिवसांची वजने विश्लेषणातून बाजूला काढावीत. त्यांच्या वजनात आईच्या दुधाचा प्रभाव उतरलेलाच नसतो.

दख्खनीत जुळ्यांचे प्रमाण मुळात कमी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतील, जुळ्यांचे प्रमाण वाढवणारे फेकबी जनुक दख्खनीत आणले आणि त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. असे रक्त कळपात असेल तर जुळ्यांचे प्रमाण बरेच वाढते, आणि आई फेकबी वाहक आहे की नाही ही नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवणे भाग पडते. तशी नोंद नसेल तर जुळेपणाचा परिणाम, वाहक आयांच्या संकराचा परिणाम आणि आईची जनुकीय क्षमता या तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

तपासणी: वजनांचा शेवटचा अंक मोजा. १०० ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ० ते ९ हे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत. निम्म्या नोंदी ० किंवा ५ वर संपत असतील तर वजने अंदाजाने लिहिली आहेत किंवा काटा जाडाभरडा आहे. ३ किलोच्या जन्मवजनात अर्ध्या किलोची गोळाबेरीज झाली तर त्या आकड्यातून आनुवंशिकता काढण्यात अर्थ उरत नाही.

सावधान: टोकाची वजने केवळ सरासरीपासून दूर आहेत म्हणून काढू नका. आधी मूळ वही पाहा. बिल्ला चुकला आहे, तारीख उलटी लिहिली आहे, दशांश चिन्ह सरकले आहे, असे कारण सापडले तरच दुरुस्त करा किंवा वगळा, आणि वगळलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण वेगळ्या पानावर लिहा.

टप्पा ३ : वंशावळ उभी करा

वंशावळीच्या फाइलमध्ये तीनच रकाने लागतात: जनावर, बाप, आई. अज्ञात पालकासाठी ०. काही सॉफ्टवेअरना, उदाहरणार्थ वॉम्बॅटला, प्रत्येक जनावराचा क्रमांक त्याच्या आईबापांच्या क्रमांकापेक्षा मोठा लागतो. म्हणून बिल्ल्याचे क्रमांक जसेच्या तसे न वापरता जन्मतारखेच्या क्रमाने नवे क्रमांक द्यावेत, आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता जपून ठेवावा.

बापाची ओळख ही येथील खरी अडचण आहे. फिरत्या वाड्यात अनेक एडके एकत्र सोडलेले असतात आणि कोकराचा बाप कोणता, हे अनुभवी मेंढपाळही खात्रीने सांगू शकत नाही. अशा वेळी रंगावरून किंवा शिंगांच्या ठेवणीवरून बाप लिहू नये. चुकीचा बाप लिहिल्याने खरी भावंडे वेगळी पडतात, परकी कोकरे भावंडे ठरतात आणि आनुवंशिकता प्रत्यक्षापेक्षा कमी निघते. एडकानिहाय वेगळ्या टोळ्या करून समागम घडवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन टोळ्यांमध्ये एडका बदलताना तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा धरून, ज्यांची गर्भधारणा बदलाच्या तारखांच्या आसपास पडते त्या कोकरांचा बाप अज्ञात लिहावा. हे जमत नसेल तर डीएनए चाचणीने पितृत्व ठरवावे. तेही शक्य नसेल तर बाप ०.

बिल्ला हरवल्यावर नवा क्रमांक दिलेली मेंढी वंशावळीत दोन मेंढ्या होऊन बसते. एका कळपाच्या नोंदी पाहताना मला अशा बऱ्याच मेंढ्या सापडल्या होत्या. त्यांची कोकरे दोन आयांमध्ये विभागली गेल्यामुळे आईचा प्रभाव जवळजवळ शून्य निघत होता. क्रमांक जोडल्यावर तो ठळकपणे दिसू लागला.

तपासणी: पुढील पाच आकडे काढून कागदावर लिहा. एकूण कोकरे, एकूण एडके, दर एडक्यामागे कोकरे, दर आईमागे कोकरे, आणि स्वतःचे वजन नोंदलेले असलेल्या आयांची संख्या. शेवटचे दोन आकडे टप्पा ६ मध्ये निर्णायक ठरतात.

नोंदी किती असाव्यात? भावंडांच्या साध्या पद्धतीत, म्हणजे एकाच एडक्याच्या कोकरांतील साम्यावरून हिशेब करताना, खरी आनुवंशिकता ०.२० असेल, तर दर एडक्यामागे सुमारे २० कोकरे ही सोयीची रचना असते. २५ एडक्यांची मिळून ५०० कोकरे असतील तर गुणांकाची प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) साधारण ०.११ येते, म्हणजे ०.२० हा आकडा शून्यापासूनही नीट वेगळा करता येत नाही. २,००० कोकरांवर ती ०.०५ च्या जवळ येते. पूर्ण वंशावळीच्या पद्धतीत थोडी अधिक माहिती हाती लागते, तरी दोनशे कोकरांवरून दोन दशांश स्थळांपर्यंत आनुवंशिकता छापणे चूक आहे.

टप्पा ४ : वय आणि समकालीन गट

वयाची दुरुस्ती दोन मार्गांनी होते. पहिल्या मार्गात वजन आधीच ९० दिवसांवर आणले जाते: वजन आणि जन्मवजन यांतील फरकाला वयाच्या दिवसांनी भागायचे, ९० ने गुणायचे आणि जन्मवजन मिळवायचे. जन्मवजन ३.० किलो आणि १०४ व्या दिवशी १५.५ किलो असेल, तर फरक १२.५ किलो, रोजची वाढ सुमारे १२० ग्रॅम आणि ९० दिवसांचे वजन १३.८ किलो. दुसऱ्या मार्गात मूळ वजन तसेच ठेवून मॉडेलमध्ये वय हा घटक घेतला जातो. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण पहिल्यात जन्मवजनातील चूक ९० दिवसांच्या वजनातही शिरते. दोन्ही एकत्र मात्र करू नयेत. तशी दुहेरी दुरुस्ती बऱ्याच प्रबंधांत आढळते. वयाची मर्यादाही घालावी: ९० दिवसांच्या गुणधर्मासाठी ७५ ते १०५ दिवसांच्या बाहेरची वजने घेऊ नयेत, कारण त्यापलीकडे वाढ सरळ रेषेत धरता येत नाही.

समकालीन गट म्हणजे एकाच वर्षी, एकाच हंगामात, एकाच कळपात, सारख्या चाऱ्यावर वाढलेली कोकरे. कॅलेंडरमधील महिन्यांपेक्षा चाऱ्याचा काळ पाहून हंगाम पाडावेत: पावसानंतरचा हिरवा काळ, हिवाळा, आणि उन्हाळ्याची ओढगस्त. कळप दिवाळीनंतर कोकणात उतरत असेल आणि पावसाळ्यापूर्वी परतत असेल, तर वाटेवर जन्मलेली कोकरे व घरी जन्मलेली कोकरे एका गटात घालू नयेत. गट फार बारीक केल्यास एकेका गटात दोन-तीन कोकरे उरतात आणि त्यांच्यापासून काहीच माहिती मिळत नाही. पाचपेक्षा लहान गट शेजारच्या गटात मिळवावेत किंवा वगळावेत.

सावधान: प्रत्येक एडका एकाच वर्षी वापरून विकला असेल तर एडका आणि वर्ष एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. निदान काही एडके सलग दोन वर्षे किंवा दोन कळपांत वापरलेले हवेत. असा दुवा नसेल तर ही उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

टप्पा ५ : निश्चित घटक ठरवा

समकालीन गट, लिंग, जन्म-संगोपन प्रकार आणि आईचे वेत हे चार निश्चित घटक (वजनात फरक पाडणाऱ्या, आधीच माहीत असलेल्या बाबी) बहुतेक वेळा पुरेसे होतात, आणि त्यांच्या जोडीला वय. पहिल्या वेताच्या मेंढ्यांची कोकरे हलकी असतात, म्हणून पहिले वेत स्वतंत्र ठेवावे. चौथ्या वेतापुढची वेते एकत्र केली तरी चालतात.

९० दिवसांच्या वजनाच्या मॉडेलमध्ये जन्मवजन, किंवा सहा महिन्यांच्या वजनाच्या मॉडेलमध्ये ९० दिवसांचे वजन, स्पष्टीकरणाचा घटक म्हणून घालू नये. मॉडेल “बसते” छान, पण गुणधर्म बदलतो: मग आपण वजन मोजत नसतो, तर समान जन्मवजनाच्या कोकरांतील उरलेला फरक मोजत असतो, आणि जन्मवजनाबरोबर येणारा जनुकीय भाग त्यातून वजा झालेला असतो.

आणखी एक जुनी सवय सोडावी. आधी सर्व निश्चित घटकांसाठी वजने दुरुस्त करायची, दुरुस्त आकड्यांचा नवा रकाना करायचा आणि त्यावर आनुवंशिकता काढायची, ही दोन पायऱ्यांची पद्धत हाताने गणिते करण्याच्या काळात अपरिहार्य होती. आज निश्चित घटक आणि जनुकीय घटक एकाच मॉडेलमध्ये एकत्र काढता येतात आणि तसेच काढावेत.

टप्पा ६ : आईचा वाटा वेगळा काढा

गणित लावण्याची पद्धत आज बहुधा मर्यादित महत्तम संभाव्यतेची, म्हणजे रेमलची, असते. ती १९७१ मध्ये पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी मांडली. प्रत्येक जनावराचा जनुकीय प्रभाव वंशावळीतून जोडणाऱ्या मॉडेलला पशु-मॉडेल म्हणतात. वॉम्बॅट, एएसरेमल, ब्लपएफ९० ही त्यासाठीची प्रचलित सॉफ्टवेअर आहेत. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांना एमसीएमसीजीएलएमएम हे पॅकेज उपलब्ध आहे, मात्र ते रेमलऐवजी वेगळ्या (बेझियन) पद्धतीने गणित करते. निवड कोणतीही करा, मॉडेल खालील क्रमानेच वाढवा.

पहिले मॉडेल: केवळ कोकराचा स्वतःचा जनुकीय प्रभाव. दुसरे: त्यात आईचा कायम परिसर-प्रभाव मिळवलेला, म्हणजे एकाच आईच्या सर्व वेतांतील कोकरांना सारखाच लाभणारा, पण जनुकांतून पुढे न जाणारा प्रभाव. तिसरे: दुसऱ्यातील परिसर-प्रभावाऐवजी आईचा जनुकीय प्रभाव, म्हणजे दूध आणि मातृत्व यांची आईकडून मुलीकडे जाणारी क्षमता. चौथे: तिसऱ्यात थेट (कोकराच्या स्वतःच्या) आणि मातृक (आईच्या) जनुकीय प्रभावांचा परस्परसंबंध धरलेला. पाचवे: आईचे दोन्ही प्रभाव, पण संबंध शून्य. सहावे: सर्व काही.

समजा ९० दिवसांच्या वजनावर पहिल्या मॉडेलने जनुकीय विचरण १.६० आणि उर्वरित विचरण २.४० दिले. एकूण ४.००, म्हणून आनुवंशिकता ०.४०. दुसऱ्या मॉडेलमध्ये तेच ४.०० असे विभागले गेले: जनुकीय ०.७२, आईचा परिसर ०.६०, उर्वरित २.६८. आता आनुवंशिकता ०.१८ आणि आईच्या परिसराचा वाटा ०.१५. कोकरे तीच आणि वजनेही तीच. पहिल्या मॉडेलमध्ये एका आईच्या कोकरांतील साम्य समजावायला जनुकांखेरीज दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते सगळे जनुकांकडे गेले. लेखाच्या सुरुवातीला ज्या ०.४ च्या आकड्याचा उल्लेख केला, तो बहुतेक वेळा असाच तयार झालेला असतो.

प्रकाशित अभ्यासांत मातृक प्रभाव धरून काढलेली लहान वयाच्या वजनांची थेट आनुवंशिकता बहुधा ०.१ ते ०.३ च्या दरम्यान असते. तुमचा आकडा याच्या बराच वर गेला तर तो मोठा शोध आहे असे मानण्यापूर्वी मॉडेलमध्ये आई आहे का ते पाहा.

ताळा: बापाच्या बाजूने स्वतंत्रपणे आकडा काढा. एडक्यांमधील विचरणाला ४ ने गुणून एकूण विचरणाने भागल्यास भावंडांच्या पद्धतीची आनुवंशिकता मिळते. एडका कोकरांना दूध पाजत नाही. त्यामुळे मेंढ्या एडक्यांना चिठ्ठ्या टाकून वाटल्या असतील तर या आकड्यात आईचा प्रभाव शिरत नाही. पशु-मॉडेलचा आकडा ०.४० आणि एडक्यांवरून काढलेला ०.१८ असेल तर फरक कशाचा आहे, ते उघड आहे. चांगल्या मेंढ्या चांगल्या एडक्याला दिल्या असतील तर मात्र हा ताळा लागू पडत नाही.

आईचा जनुकीय आणि परिसरीय प्रभाव एकमेकांपासून वेगळे काढायला वंशावळीत खोली लागते: एकाच आईची अनेक वेते, नोंदीतील आया आणि त्यांच्या मुली, शक्यतो आज्याही. दर आईमागे सरासरी दोनपेक्षा कमी कोकरे असतील आणि बहुतेक आयांची स्वतःची वजने नसतील, तर सहावे मॉडेल चालवू नका. ते चालेल, आकडेही देईल, पण थेट-मातृक संबंध उणे ०.८ किंवा उणे ०.९ असा निघेल आणि थेट आनुवंशिकता त्याच वेळी फुगेल. इतका टोकाचा उणे संबंध मेंढीच्या शरीरक्रियेपेक्षा बहुधा नोंदींच्या अपुऱ्या रचनेतून किंवा मॉडेलमध्ये न घेतलेल्या एडका-वर्ष परस्परक्रियेतून (एखाद्या एडक्याची संतती वर्षागणिक कमीजास्त सरस ठरण्यातून) येतो. अशा कळपासाठी दुसरे मॉडेल हेच प्रामाणिक उत्तर आहे.

टप्पा ७ : मॉडेलांची तुलना

तुलना करताना निश्चित घटक सर्व मॉडेलांत अगदी सारखे हवेत आणि कोकरेही तीच हवीत. एकाही कोकराची भर वा वजाबाकी चालत नाही. एक मॉडेल दुसऱ्यात सामावलेले असेल तर लॉग-संभाव्यतेतील (मॉडेल नोंदींशी किती जुळते याच्या मापातील) फरकाची दुप्पट करावी आणि ती ठरावीक सीमेच्या वर गेली तरच मोठे मॉडेल घ्यावे. वरच्या उदाहरणात पहिल्याची लॉग-संभाव्यता उणे १२०४.६ आणि दुसऱ्याची उणे ११९८.१ असेल, तर फरक ६.५ आणि त्याची दुप्पट १३.०. विचरण शून्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे एक विचरण वाढवताना ५ टक्के पातळीची सीमा नेहमीची ३.८४ न धरता २.७१ धरतात, परस्परसंबंध वाढवताना मात्र ३.८४. एकमेकांत न सामावणाऱ्या मॉडेलांसाठी, उदाहरणार्थ दुसरे आणि तिसरे, एआयसी (अकाइके माहिती निकष) पाहावा; तो जितका कमी तितके मॉडेल चांगले.

तपासणी: निवडलेले मॉडेल किमान तीन वेगवेगळ्या प्रारंभिक मूल्यांपासून पुन्हा चालवा. उत्तरे तिसऱ्या दशांशापर्यंत सारखी आली पाहिजेत. एखादे विचरण शून्याला चिकटले असेल तर “प्रभाव नाही” असे लिहू नका. “या नोंदींवरून वेगळा काढता आला नाही” असे लिहा.

प्रमाण त्रुटीशिवाय आनुवंशिकता छापू नये. एकूण विचरणात कोणकोणते भाग धरले आहेत, हेही सांगावे, कारण चौथ्या आणि सहाव्या मॉडेलमध्ये परस्परसंबंधाचा भागही एकूण विचरणात धरावा लागतो.

टप्पा ८ : विकलेल्या कोकरांचा प्रश्न

हा टप्पा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण तो पुस्तकी क्रमात बसत नाही, पण आपल्याकडे त्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. चांगली वाढलेली नर कोकरे बकरी ईदच्या आधी विकली जातात. ईद दरवर्षी १० ते ११ दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे विक्रीच्या वेळी कोकरांचे वय दरवर्षी वेगळे असते. एखाद्या वर्षी नऊ महिन्यांच्या वजनाच्या आधीच सर्वांत भारी नर निघून गेलेले असतात आणि मागे उरलेल्या नरांची सरासरी खाली येते. केवळ नऊ महिन्यांच्या वजनांचे विश्लेषण केले तर ते वर्ष वाईट वाटते, चांगल्या एडक्यांची संतती मध्यम दिसते आणि जनुकीय विचरण आकसते.

उपाय असा: विकलेल्या कोकरांची ९० दिवसांची आणि सहा महिन्यांची वजने फाइलमधून काढू नका, आणि सहा व नऊ महिन्यांच्या दोन्ही वजनांचे एकत्र, द्विगुणी विश्लेषण करा. निवड ज्या वजनाच्या आधारे झाली ते वजन विश्लेषणात असेल तर पक्षपात बराच कमी होतो. विक्रीच्या दिवशी प्रत्येक कोकराचे वजन आणि तारीख लिहून घेण्याची सवय लावली तर उत्तमच.

टप्पा ९ : वाढीचा वक्र, आणि तो कधी लावू नये

गॉम्पर्ट्झ, ब्रॉडी, लॉजिस्टिक, फॉन बर्टालन्फी हे वक्र वापरात आहेत. त्यांतील मुख्य फरक वाढीचा वेग शिखरावर कधी असतो यात आहे: गॉम्पर्ट्झमध्ये प्रौढ वजनाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर, बर्टालन्फीत सुमारे ३० टक्क्यांवर, लॉजिस्टिकमध्ये ५० टक्क्यांवर, ब्रॉडीच्या वक्रात असे शिखर नसतेच, वेग सुरुवातीपासून घटत जातो.

वर्षभराच्याच नोंदी असतील तर या वक्रांतून निघणारे प्रौढ वजन नोंदींपलीकडे ताणून काढलेला अंदाज असतो, म्हणून त्याची आनुवंशिकता काढू नये. तसेच प्रत्येक कोकराला पाच वजनांवर वक्र बसवून, त्यातील प्रौढ वजन आणि वाढीचा दर यांना नवे गुणधर्म मानून पुढे विश्लेषण केल्यास, बसवण्यातील चूक कुठेच हिशेबात येत नाही. आपल्या कळपांची दुसरी अडचण म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत वजन घटते. सतत चढणारा वक्र ही घट दाखवू शकत नाही आणि ती उर्वरित चुकीत ढकलतो.

वजने अनेक वयांत विखुरलेली असतील, म्हणजे दर महिन्याला घेतलेली असतील, तर यादृच्छिक समाश्रयण, म्हणजे प्रत्येक कोकराला वयानुसार स्वतःचा वक्र देणारी पद्धत, वापरावे. त्यात वय उणे १ ते अधिक १ या मापावर आणून लिजांड्र बहुपदे (वक्र घडवणारी ठरावीक गणिती सूत्रे) घेतात, उर्वरित विचरण वयानुसार वेगळे ठेवतात, आणि आईच्या प्रभावालाही स्वतःचा वक्र देतात. बहुपदाची पायरी (घात) दोनच्या पुढे नेताना टोकांकडे लक्ष ठेवावे. जन्मवेळी आणि शेवटच्या वयात आनुवंशिकता अचानक ०.६ पर्यंत उसळली तर ते बहुपदाचे वागणे आहे, मेंढ्यांचे नाही. चार-पाच ठरावीक वयांचीच वजने असतील तर बहुगुणी मॉडेल पुरते.

टप्पा १० : निवडीसाठी वापर

आनुवंशिकतेचा उपयोग अपेक्षा ठरवण्यासाठी होतो. निवड मात्र मॉडेलने दिलेल्या प्रजनन मूल्यांवर (जनावराच्या जनुकीय क्षमतेच्या अंदाजांवर) करावी, कच्च्या वजनांवर नाही. अपेक्षेचा हिशेब असा. सहा महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता ०.२०, प्रमाण विचलन २.० किलो, नरांतून वरचे ५ टक्के ठेवले तर निवडीची तीव्रता (निवडलेल्यांची सरासरी कळपाच्या सरासरीहून किती प्रमाण विचलने वर आहे) २.०६, माद्यांतून वरच्या ५० टक्के ठेवल्या तर ०.८०. दोन्हींची सरासरी १.४३. स्वतःच्या वजनावर निवड केल्यास दर पिढीला १.४३ गुणिले ०.२० गुणिले २.०, म्हणजे सुमारे ०.५७ किलो, पिढीचे अंतर तीन वर्षे असेल तर दर वर्षी सुमारे १९० ग्रॅम. आनुवंशिकता ०.४० धरली असती तर हाच हिशेब दुप्पट झाला असता, आणि मालकाला दिलेला शब्द खोटा ठरला असता.

सर्वांत वरचे पाच एडके एकाच बापाचे निघण्याची शक्यता असते, कारण भावंडांची मूल्ये जवळजवळ येतात. म्हणून एका बापाचे दोनपेक्षा अधिक पुत्र ठेवू नयेत, आणि जोड्या लावण्यापूर्वी प्रत्येक संभाव्य जोडीच्या संततीचे अंतःप्रजनन वंशावळीतून काढून पाहावे. निवडलेल्या एडक्यांपैकी निदान दोघांना पुढच्या वर्षीही वापरावे, म्हणजे टप्पा ४ मध्ये सांगितलेला वर्षांमधला दुवा टिकतो. कोकरांची सहा महिन्यांची वजने पूर्ण झाली की त्या नोंदी जुन्या फाइलला जोडून टप्पा २ पासून सर्व तपासण्या पुन्हा कराव्यात आणि मूल्ये नव्याने काढावीत.